शेळ्यांची गव्हाण : कुटार बकरी ईदपर्यंत पुरवायचं असेल तर

सोयाबीनची मळणी सुरू झाली की हिंगोली जिल्ह्यात कुटाराची घाई सुरू होते. मळणी यंत्रामागे पडलेला ढीग कुणी ट्रॉलीने उचलतं, कुणी शेजारच्या शेतातून मागून आणतं. ज्यांना शेती नाही अशी आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी घरं तो विकत घेतात. हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचं भुसकट येतं, मार्चमध्ये हरभऱ्याचं. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत नवीन काही नाही. घरात आहे तेवढ्यावरच दिवस काढायचे.

आता कॅलेंडर बघू. 2025 ची बकरी ईद आपल्याकडे 7 जूनला झाली. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून ईद दरवर्षी तितकी अलीकडे सरकते. पुढची काही वर्षं ती मे महिन्यातच येणार, म्हणजे भर उन्हाळ्यात. बोकडाला शेवटच्या दोन महिन्यांत चांगलं खायला मिळालं तर अंग भरतं आणि भाव येतो, आणि नेमके तेच दोन महिने चाऱ्याच्या तंगीचे. अशा वेळी बहुतेक जण बोकड आधीच काढून टाकतात, नाहीतर महागाचा चारा आणतात. आम्हीही दोन्ही केलं आहे. चारा कमी पडतोय अशी तक्रार करताना तो पायाखाली किती जातोय हे मात्र आम्ही बरीच वर्षं मोजलंच नव्हतं.

साधा हिशोब करू. दहा मोठ्या शेळ्या आहेत आणि प्रत्येकी रोज एक किलो सुका चारा पोटात जातो असं धरा. घरात 20 क्विंटल कुटार-भुसकट आहे. काहीच वाया गेलं नाही तर ते 200 दिवस पुरेल, म्हणजे 1 नोव्हेंबरला सुरू केलं तर 19 मेपर्यंत. टाकलेल्या चाऱ्याचा चौथा हिस्सा तुडवला गेला तर तेच कुटार दीडशे दिवसांत, 30 मार्चच्या आसपास संपेल. नासाडी दहाव्या हिश्शावर आणली तर एप्रिलअखेरपर्यंत जाईल. मधला हा एक महिना एका गव्हाणीवर अवलंबून आहे.

तुमच्याकडे नासाडी किती होते ते आमच्या आकड्यावरून ठरवू नका. तीन दिवस मोजा. सकाळी जागा झाडून घ्या, टाकलेला चारा ताणकाट्यावर तोला, दुसऱ्या दिवशी खाली पडलेला गोळा करून, लेंड्या बाजूला काढून, वाळवून तोला. आकडा बघून बहुतेक घरांत गव्हाणीचा विषय आपोआप निघेल.

शेळी चारा का टाकते

गाय-म्हैस जिभेने चारा ओढते. शेळी ओठाने निवडते. तिचा वरचा ओठ हालता असतो, काट्यांतून एकेक पान उचलायला बनलेला. त्यामुळे ढिगात तोंड घालून ती आधी पान, शेंगेचं टरफल, कोवळा भाग काढते आणि काडी बाजूला सारते. जमिनीवर ढीग असेल तर ती त्यात पाय घालून उकरते, बाहेरच्या बाजूला फेकते, दुसरीला ढुशी मारून जागा बदलते. त्यावर एकदा मूत किंवा लेंडी पडली की तो चारा ती उपाशी असली तरी सहसा खात नाही. लोक म्हणतात शेळी नखरेल आहे. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या चाऱ्यावर लेंड्या पडतात त्यावर जंतांची अंडी आणि करडांना हगवण लावणारे कॉक्सिडियाचे जंतूही असतात. तो न खाणं हा तिचा शहाणपणा आहे. करडांना तेवढी समज नसते, ती तोंड घालतात. जमिनीवर चारा टाकणाऱ्या घरांत करडांची हगवण जास्त दिसते ती यामुळे.

आणखी एक गोष्ट. नासाडी शून्यावर आणायच्या मागे लागू नका. सकाळी गव्हाण चाटून-पुसून साफ दिसत असेल तर चारा कमी पडतोय असं समजा. दहातला एक भाग जाड काड्या शिल्लक राहिल्या तर ठीक आहे. त्या बैलाला किंवा म्हशीला टाकता येतात, उरलं तर उकिरड्यात लेंडीखताबरोबर जातं. वाचवायचा आहे तो पाला. तुरीच्या भुसकटातली पानं हाच त्याचा सगळ्यात कसदार भाग, आणि हलका असल्यामुळे आधी तोच खाली सांडतो.

आधी चारा ठरवा, मग गव्हाण

गव्हाण बनवताना सगळ्यात जास्त चूक इथे होते. मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघून लोक लोखंडी गजांची उभी जाळी करून आणतात. ती जाळी लांब गवतासाठी असते. आपल्याकडचं सोयाबीनचं कुटार, तुरीची गुळी, हरभऱ्याचं भुसकट हे सगळं बारीक. गजांतून ते सरळ खाली येतं, आणि हजारो रुपये घालूनही चारा पुन्हा पायाखालीच.

बारीक चाऱ्याला बंद तळाची गव्हाण लागते, कुंडीसारखी. तिचा काठ आतल्या बाजूला दीड-दोन इंच वळवलेला असावा. शेळी नाकाने चारा वर ढकलते तेव्हा तो काठाला अडून परत आत पडतो. कुंडी काठोकाठ भरू नये, तिसरा हिस्सा भरावी आणि दिवसातून तीन वेळा टाकावं. भरून ठेवलेल्या कुंडीतून सगळ्यात जास्त सांडतं.

लांब चारा म्हणजे कडबा, शेवरीच्या फांद्या, लसूणघास, दशरथ घास, पावसाळ्यातलं बांधावरचं गवत. याला गजांची जाळी चालते, पण जाळीच्या खाली कुंडी हवीच. नाहीतर पाला जमिनीवर आणि काड्या जाळीत असं होतं. ज्वारीचा कडबा असेल तर तो कुट्टी करूनच द्या, अर्ध्या ते एक इंचाचे तुकडे. अख्खा कडबा शेळी पानापुरता खाते आणि दांडा सोडून देते. त्याला कुठलीच गव्हाण उपाय नाही. कुट्टी केली की तोही बारीक चारा झाला, तो कुंडीतच टाकायचा.

औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या माळरानाकडे ज्यांच्या शेळ्या दिवसभर चरून येतात त्यांना मोठ्या गव्हाणीची गरज पावसाळ्यात नसते. त्यांच्यासाठी फुकटची सोय म्हणजे लोंबती पेंढी. बोर, बाभूळ, शेवरी किंवा सुबाभळीच्या फांद्यांची घट्ट पेंढी बांधून वाशाला टांगायची, खालचं टोक शेळीच्या पाठीच्या उंचीला येईल अशी. शेळीला मान थोडी वर करून ओरबाडायला आवडतं. दोन काळज्या घ्या. दोरीला सैल फास ठेवू नका, आणि मोठ्या डोळ्यांची जाळीदार पिशवी टांगू नका. त्यात शिंग आणि करडाचा पाय दोन्ही अडकतात. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको.

शिंग, डोळा आणि कान

आपल्या भागात बहुतेक उस्मानाबादी शेळ्या किंवा त्यांचा संकर. नर जवळपास सगळे शिंगांचे, माद्या शिंगाच्या आणि बिनशिंगाच्या दोन्ही. शिंगाचं जनावर डोकं आत घालू शकतं, पण बाहेर काढताना शिंगं मागे अडकतात. चार इंचाच्या चौकोनी डोळ्यांची जाळी म्हणूनच सगळ्यात धोक्याची. आमच्याकडे एक वर्ष अशीच जाळी होती, भंगारातून स्वस्तात आणलेली. सात-आठ महिन्यांच्या बोकडाने रात्री डोकं घातलं, बाहेर निघेना म्हणून झटके दिले, सकाळी बघतो तर एक शिंग मुळाशी हललेलं आणि कानाची कड फाटलेली. जीव वाचला. पण त्याला ईदसाठी पाळलं होतं, ते राहूनच गेलं.

हा मुद्दा आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. कुर्बानीच्या जनावराचं एक वर्ष पूर्ण झालेलं हवं, आणि डोळा गेलेला, शिंग मुळातून तुटलेलं, कानाचा मोठा भाग कापलेला किंवा चालता न येणारं जनावर चालत नाही. किती फाटलं तर चालतं, किती तुटलं तर नाही, हे आपापल्या इमाम साहेबांना विचारावं. बाजारात मात्र गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. कानाला चीर दिसली की तो पुढच्या बोकडाकडे जातो. वर्षभर वाढवलेल्या जनावराची किंमत एका तारेच्या टोकाने उतरते.

म्हणून मापं नीट लक्षात ठेवा. गजांच्या जाळीत दोन गजांमधली फट दोन इंच, त्यापेक्षा मोठी नको. त्यातून तोंडाचं टोक जातं, चारा ओढता येतो, डोकं जात नाही. जिथे डोकं घालू द्यायचं आहे तिथे उघडी जागा पुरेशी मोठी ठेवा, मोठ्या जनावराला दहा-बारा इंच उंच. अडचण मधल्या मापांत आहे, चार ते आठ इंचांत.

डोळ्याचं दुखणं दुसरीकडून येतं. शेळीच्या डोक्याच्या वर चारा भरलेली जाळी असेल तर खाताना कुसळं आणि धूळ सरळ डोळ्यांत पडते. डोळे पाणावतात, चिकटतात, दुर्लक्ष झालं तर फूल पडतं. सोयाबीनच्या कुटाराला धूळ फार असते, त्याने खोकलाही लागतो. टाकायच्या वेळी तेवढ्याच चाऱ्यावर पाण्याचा हलका शिपका मारला की धूळ बसते. ढिगावर पाणी मारू नका, बुरशी येते. बुरशीचा चारा गाभण शेळीला तर अजिबात नको.

दहा शेळ्यांसाठी एक गव्हाण

आता बांधायचं. पुढची रचना कुटारालाही चालते आणि लांब चाऱ्यालाही. दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी, सहा फूट लांब. शिंगाच्या मोठ्या शेळीला उभं राहायला सव्वा फूट जागा धरा, बिनशिंगाच्या शेळीला एक फूट. म्हणजे एका बाजूला पाच जनावरं बसतात. सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालायला जागा मिळाली पाहिजे, हे विसरू नका. जागा कमी पडली की दांडगी शेळी पोटभर खाते, कमजोर मागे राहते आणि ढकलाढकलीत चारा सांडतो.

खालची कुंडी 200 लिटरच्या प्लास्टिकच्या ड्रमची. ड्रम उभा चिरून दोन अर्धे करायचे आणि लांबीला लांबी जोडायची. जवळपास सहा फूट लांब आणि पावणेदोन-दोन फूट रुंद कुंडी तयार होते. ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. शेतीच्या औषधाचा, रंगाचा, ॲसिडचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका, खायच्या तेलाचा मिळाला तर उत्तम. कापलेली धार उघडी ठेवू नका. ठिबकची जुनी नळी उभी चिरून काठावर चढवली आणि तारेने आवळली की धार झाकली जाते. तारेची टोकं बाहेरच्या बाजूला खाली वळवा. तळाला बारीक चार-पाच भोकं पाडा, पाणी साचत नाही. काठ आतल्या बाजूला वळवलेला हवा असं वर लिहिलं आहे. ड्रमला तो मिळत नाही, म्हणून काठाच्या आतून दोन इंचाची बांबूची पट्टी आडवी बसवा. तेच काम होतं.

कुंडीचा काठ जमिनीपासून सोळा ते अठरा इंचावर यावा. उस्मानाबादी मोठी शेळी पाठीपाशी साधारण सव्वादोन फूट उंच असते, तिच्या छातीला हा काठ येतो. सांगाडा बाभळीच्या लाकडाचा करा किंवा जुन्या लोखंडी पलंगाचा, मजबूत असला म्हणजे झालं. शेळ्या पुढचे पाय त्यावर ठेवून उभ्या राहणारच. काठाच्या वर दहा-बारा इंचावर एक आडवी दांडी ठोका. त्याने मान आत जाते, अंग जात नाही.

लांब चाऱ्याची जाळी कुंडीच्या मधोमध, वरून उघडी आणि खाली निमुळती, मळणी यंत्राच्या चाडीसारखी. तळाला चार इंच, वरच्या तोंडाला सोळा इंच रुंद, दीड फूट उंच. जाळी वरून जितकी रुंद, त्यापेक्षा कुंडी रुंद पाहिजे, हा एकच नियम. मग सांडलेला पाला कुंडीतच पडतो आणि कुटाराच्या दिवसांत तीच कुंडी वापरता येते. जाळी काढता-घालता येईल अशी ठेवा.

जाळीचं लोखंड किती लागेल ते वेल्डरकडे जाण्याआधी काढून ठेवा. 8 मिलिमीटरची सळई, दोन इंचाची फट धरून सहा फुटांत एका बाजूला 31 गज, दोन्ही बाजूंना 62. प्रत्येक गज दीड फुटाचा. चाळीस फुटी सळईतून 26 गज निघतात. दोन सळयांत 52 झाले, तिसरीतून उरलेले दहा गज आणि वर-खालच्या सहा-सहा फुटांच्या चार आडव्या पट्ट्या. म्हणजे तीन सळया. या जाडीची सळई मीटरला सुमारे 395 ग्रॅम भरते, तीन सळया साधारण 14 किलो. त्या दिवशीचा लोखंडाचा भाव आणि मजुरी विचारली की खर्च कळला. वेल्डिंगच्या गुठळ्या आणि टोकं घासून घ्यायला मात्र उभं राहून सांगा. लोखंड परवडत नसेल तर बांबूच्या पट्ट्यांचीही जाळी होते, फक्त गाठी तासून गुळगुळीत करा. दोन वर्षं आरामात टिकते.

रचनेने खरंच एवढा फरक पडतो का, असा प्रश्न येतो. अमेरिकेच्या मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला आहे, गायींवरचा. एकाच प्रकारचं वाळलेलं गवत चार तऱ्हेच्या गव्हाणींत दिलं. शंकूच्या आकाराच्या गव्हाणीत साडेतीन टक्के गवत वाया गेलं, गोल कड्याच्या गव्हाणीत सहा टक्के, ट्रॉलीसारख्या गव्हाणीत अकरा आणि पाळण्यासारख्या गव्हाणीत जवळपास पंधरा टक्के. पाळण्यासारख्या गव्हाणीवर गायी जास्त ढुशा देत होत्या आणि सारखं तोंड आत-बाहेर करत होत्या. जनावर तोंडात घास घेऊन मागे फिरलं की चारा खाली पडतो. तोंड कुंडीवरच ठेवून चावलं तर तोंडातून निसटलेलंही कुंडीतच जातं. शेळी काही गाय नव्हे, आकडे तसेच येणार नाहीत, पण आपल्या आडव्या दांडीचं काम हेच आहे. घास तोंडात घेऊन ती सहज वळत नाही.

दोन-चार शेळ्यांचं घर

शहरातल्या आपल्या वस्त्यांत जागा एवढीशी, दारात दोन शेळ्या आणि एक ईदचा बोकड. सांभाळतात बहुधा घरातल्या अम्मी नाहीतर आपा. त्यांना सहा फुटी गव्हाण नको. अर्धा ड्रम भिंतीला टेकवून, दोन विटांच्या थरांवर पक्का बसवला आणि वर एक दांडी अडकवली की पुरे. टायरचं टोपलं वापरणार असाल तर आधी आतून हात फिरवून बघा. झिजलेल्या टायरमधून बारीक तारा बाहेर येतात, त्या ओठाला लागतात. बांधलेल्या शेळीची दोरी एवढीच लांब ठेवा की तोंड गव्हाणीत पोचेल पण मागचा भाग गव्हाणीकडे फिरवता येणार नाही. एवढ्या एका गोष्टीने चाऱ्यात लेंड्या पडणं बंद होतं.

करडं मात्र कुठलीही गव्हाण बिघडवतात. आत चढून झोपतात, तिथेच घाण करतात. त्यांच्यासाठी कोपऱ्यात गज लावून वेगळी जागा करा, सहा इंचाच्या फटीतून करडू जातं आणि शेळी जात नाही. तिथे त्यांचा कोवळा पाला आणि थोडा खुराक. ती थोडी मोठी झाली की याच फटीत डोकं अडकू लागतं. त्याआधी त्यांना तिथून काढा.

खुराकाचं भांडं कायम वेगळं ठेवा, चाऱ्याच्या कुंडीत पेंड-मका टाकू नका. तो तळाशी बसतो, शेळी त्यासाठी वरचं सगळं कुटार उपसून बाहेर काढते. आणि ईदच्या तोंडावर वजन वाढावं म्हणून मका-गहू एकदम वाढवू नका. दांडगा बोकड दुसऱ्याचाही खातो, पोटात आंबतं, आणि आम्ही ऐन ईदच्या आठवड्यात असे बोकड गेलेले पाहिले आहेत. वाढवायचंच असेल तर दहा-बारा दिवसांत थोडं थोडं.

गव्हाण रोज सकाळी रिकामी करून खराट्याने झाडा. पावसाळ्यात ती छपराखालीच पाहिजे, ओलं कुटार एका रात्रीत तापतं. शेडचं काम नव्याने काढणार असाल तर त्याआधी एकदा कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जाऊन या. कडबाकुट्टी यंत्राची एखादी योजना चालू आहे का, तेही तिथेच विचारा. आणि वेल्डरकडे जाताना आपली सगळ्यात मोठ्या शिंगांची शेळी डोळ्यांसमोर ठेवा. शिंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर दोरीने मोजून ती दोरी खिशात घालून न्या.